‘बिल्ड कसे करायचे’ हे पान कोऱ्या संगणकावर तपासा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालात प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, आकृत्यांची सूची असे सगळे शिस्तीत असते. पण सोबत दिलेल्या सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर पुन्हा उभे कसे करायचे, यावर बहुधा एकच ओळ सापडते: ‘सीमेक वापरून बिल्ड करा’ (बिल्ड म्हणजे सोर्स कोडपासून वापरता येणारी फाइल बनवणे, सीमेक हे त्याची तयारी करून देणारे साधन). हौसेने मुक्त लायब्ररी लिहून इंटरनेटवर ठेवणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच प्रोग्रॅमरांचेही तेच. ही ओळ लिहिणाऱ्याच्या संगणकावर खरी असते, कारण तिथे लागणारे सगळे कधीच येऊन बसलेले असते. दुसऱ्याच्या संगणकावर तिच्या आधाराने काहीही बांधता येत नाही. या पानाबद्दल, विशेषतः विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालणाऱ्या लायब्ररीच्या पानाबद्दल, हे पत्र आहे.

लायब्ररी म्हणजे स्वतः न चालणारा, इतर प्रोग्रॅमनी वापरायचा कोड. अँड्रॉइड फोनवर ‘क्ष’ किंवा ‘र्क’ नीट जुळून दिसतो त्यामागे हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी असते. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस हेही तीच वापरतात. सोर्स कोड एकच असतो. त्यातून लिनक्सवर ‘.एसओ’ फाइल निघते, विंडोजवर ‘.डीएलएल’ आणि मॅकवर ‘.डायलिब’. तिन्ही फाइलींचे काम सारखे, पण त्या तयार होण्याचे, सापडण्याचे आणि बिघडण्याचे नियम वेगवेगळे. म्हणूनच ‘विंडोजवरही असेच करा’ हे बिल्डच्या पानावरचे सर्वांत फसवे वाक्य आहे. (या पत्रात कमांड देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या.)

सुरुवात लागणाऱ्या साधनांपासून, आणि ती आकड्यांसह. ‘सीमेकचे नवे व्हर्जन घ्या’ याला अर्थ नाही. ‘सीमेक -एस . -बी बिल्ड’ ही सुटसुटीत कमांड ३.१३ पासून अधिकृत आहे, ‘सीमेक --इन्स्टॉल’ ३.१५ पासून, तर सगळे पर्याय एका फाइलीत मांडणारे ‘प्रीसेट’ ३.१९ पासून. उबुंटू २०.०४ सोबत ३.१६ येते, २२.०४ सोबत ३.२२ आणि २४.०४ सोबत ३.२८. म्हणजे प्रीसेटवर बेतलेली सूचना २०.०४ असलेल्या प्रयोगशाळेत पहिल्याच पायरीला अडकणार. वरच्या बाजूलाही कुंपण असते. मार्च २०२५ मध्ये सीमेक ४.० आले आणि त्याने ३.५ च्या आधीच्या व्हर्जनांशी असलेली सुसंगती काढून टाकली. ज्या प्रकल्पाच्या पहिल्या ओळीत ‘किमान २.८’ असे लिहिलेले होते ते सारे एका रात्रीत कॉन्फिगरलाच, म्हणजे बिल्डच्या आधीच्या तयारीच्या पायरीलाच, थांबू लागले. कोड बिघडलेला नव्हता, फक्त ती ओळ जुनी होती. तात्पुरता उपाय म्हणून ‘-डीसीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५’ हा पर्याय देता येतो. खरा उपाय ती ओळ बदलणे. पानावर त्यामुळे दोन आकडे हवेत: किमान किती चालते, आणि प्रत्यक्ष कोणत्या व्हर्जनवर तपासले आहे. दुसरा आकडा बहुतेक जण देत नाहीत, आणि अडचणीच्या वेळी नेमका तोच हवा असतो.

इतर लायब्ऱ्यांवर अवलंबून असाल तर प्रत्येक प्लॅटफॉर्मवरचे पॅकेजचे नेमके नाव द्या. एकच झेडलिब (माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी) उबुंटूवर ‘झेडलिब१जी-डेव्ह’ असते आणि फेडोरावर ‘झेडलिब-डेव्हल’. शेवटचे ‘डेव्ह’ गाळले की काय होते हे पाहण्यासारखे आहे. लायब्ररी संगणकावर असते, इतर प्रोग्रॅम ती वापरतही असतात, तरी कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) म्हणतो ‘झेडलिब.एच सापडत नाही’. कारण चालवण्यासाठी लागणारी फाइल एका पॅकेजमध्ये आणि बांधण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख सांगणाऱ्या) दुसऱ्यात असतात. नवख्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते. तो तेच पॅकेज काढून पुन्हा टाकत बसतो.

सोर्स कोड कसा आणायचा हेही लिहावे लागते, आणि इथे गिटहबवरचे ‘डाउनलोड झिप’ हे बटण घात करते. प्रकल्पात सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रकल्प) असतील तर झिपमध्ये त्यांचे फोल्डर रिकामे येतात. मग सीमेक तक्रार करते की अमुक फोल्डरमध्ये ‘सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी’ नाही, आणि वाचणाऱ्याला वाटते प्रकल्पच अर्धवट आहे. पानावर ‘गिट क्लोन --रिकर्सिव्ह’ लिहा, आणि ज्यांनी आधीच साधा क्लोन केला त्यांच्यासाठी ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’ ही ओळही त्याच्याखालीच द्या. कॉन्फिगर होताना इंटरनेटवरून काही उतरवले जात असेल तर ते स्पष्ट सांगा. महाविद्यालयाच्या प्रॉक्सीमागे तेवढी एक गोष्ट सगळा दिवस खाऊ शकते.

आता मुख्य चार कमांड: कॉन्फिगर, बिल्ड, टेस्ट, इन्स्टॉल. कागदावर त्या तिन्ही प्लॅटफॉर्मवर सारख्याच दिसतात, आणि सर्वाधिक गफलत इथेच होते. लिनक्सवर मेकफाइल किंवा निंजा (सीमेकने मांडलेले बिल्ड प्रत्यक्ष करणारे प्रकार) वापरताना ‘रिलीज’ (वापरासाठीचे वेगवान बिल्ड) की ‘डीबग’ (चुका शोधण्यासाठीचे) हे कॉन्फिगरच्या वेळी ‘-डीसीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज’ असे सांगायचे असते. विंडोजवर सीमेकचा व्हिज्युअल स्टुडिओसाठी फाइली बनवणारा ‘जनरेटर’ तो पर्याय विचारातच घेत नाही. तिथे डीबग, रिलीज धरून चारही प्रकार एकाच वेळी मांडून ठेवलेले असतात आणि निवड बिल्डच्या वेळी होते: ‘सीमेक --बिल्ड बिल्ड --कॉन्फिग रिलीज’. मॅकवरच्या एक्सकोडचेही असेच. ‘--कॉन्फिग’ दिलेच नाही तर व्हिज्युअल स्टुडिओ निमूटपणे डीबग बांधून देतो. लिनक्सवर बिल्ड टाइप दिला नाही तर, प्रकल्पानेच काही ठरवून ठेवले नसेल तेव्हा, तो रिकामा राहतो. म्हणजे ऑप्टिमायझेशनही नाही आणि डीबगची माहितीही नाही. लायब्ररी चालते, पण संथ. मग ‘तुमची लायब्ररी फार हळू आहे’ अशा तक्रारी येतात आणि लेखक अल्गोरिदममध्ये दोष शोधत बसतो.

विंडोजवर चुकून बांधलेल्या डीबग लायब्ररीचा पुढचा प्रवास असा. वापरणारा स्वतःचा प्रोग्रॅम रिलीजमध्ये बांधतो, त्याला ही लायब्ररी जोडतो, आणि लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ‘एलएनके२०३८’ ही चूक दाखवतो: ‘रनटाइम लायब्ररी’ जुळत नाही, किंवा ‘इटरेटर डीबग लेव्हल’ची किंमत एकीकडे २ आणि दुसरीकडे ०. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये डीबग आणि रिलीजसाठी वेगवेगळे रनटाइम (प्रोग्रॅम चालताना लागणारा मूलभूत कोड) असतात, आणि स्टँडर्ड लायब्ररीतल्या व्हेक्टरसारख्या गोष्टींची मेमरीतली मांडणीसुद्धा दोन्हींत वेगळी असते. लिंकर अडवतो ते बरेच करतो. न अडवता जोडून दिले असते तर प्रोग्रॅम चालताना कुठेही कोसळला असता. लिनक्सवर डीबग आणि रिलीज यांची सरमिसळ सहसा खपून जाते, त्यामुळे फक्त लिनक्सवर काम केलेल्या लेखकाला ही अडचण सुचतच नाही. टेस्टची कमांडही इथे वेगळी होते: व्हिज्युअल स्टुडिओसोबत ‘सीटेस्ट’ या सीमेकच्या चाचणी-साधनाला ‘-सी रिलीज’ सांगावेच लागते.

प्रत्येक कमांडनंतर काय दिसायला हवे तेही लिहा. कॉन्फिगर नीट झाले की शेवटी ‘बिल्ड फाइल्स हॅव बीन रिटन टू’ अशी ओळ येते. बिल्डनंतर फाइल कुठे आणि कोणत्या नावाने पडते? लिनक्सवर मेकफाइलने बांधलेली ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये, नावाआधी ‘लिब’ लावून. व्हिज्युअल स्टुडिओत ‘बिल्ड’च्या आतल्या ‘रिलीज’ फोल्डरमध्ये, ‘लिब’शिवाय. विंडोजवर ‘.लिब’ या एकाच शेपटीच्या दोन अगदी वेगळ्या फाइली असतात. एक स्टॅटिक लायब्ररी, जिच्यात सगळा कोड असतो. दुसरी इम्पोर्ट लायब्ररी, जिच्यात फक्त डीएलएलमधल्या फंक्शनांचा पत्ता असतो. आपल्या बिल्डमधून यांपैकी कोणती निघते हे सांगितले नाही तर लोक इम्पोर्ट लायब्ररी उचलतात, डीएलएल मागे सोडतात, आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच ‘०एक्ससी००००१३५’ हा आकडा पाहत राहतात.

आता योगदान देणाऱ्यांसाठीच्या भागाबद्दल. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीतले प्रत्येक फंक्शन मुळातच बाहेर दिसते. विंडोजवर उलट: ‘डिक्लस्पेक डीएलएलएक्स्पोर्ट’ लावल्याशिवाय काहीच बाहेर दिसत नाही. एकाही फंक्शनला ते लावले नसेल तर मौज होते. डीएलएल कोणत्याही तक्रारीशिवाय बांधली जाते, पण इम्पोर्ट लायब्ररी तयारच होत नाही, आणि पुढच्या टप्प्यावर लिंकर ‘एलएनके११०४: अमुक.लिब उघडता येत नाही’ म्हणतो. वाचणारा फाइलचा मार्ग चुकला असेल म्हणून फोल्डर धुंडाळत राहतो. सीमेकमध्ये ‘जनरेटएक्स्पोर्टहेडर’ हे मॉड्यूल आहे. ते तिन्ही प्लॅटफॉर्मसाठी योग्य मॅक्रो (कोडमध्ये लावायचे एक नाव, ज्याच्या जागी त्या प्लॅटफॉर्मची खूण बसते) तयार करून देते. सोबत लिनक्सवर दृश्यता ‘हिडन’ ठेवली की मॅक्रो विसरल्याची चूक तिथेही लगेच पकडली जाते आणि विंडोजवाल्यावर ढकलली जात नाही. ‘सगळेच एक्स्पोर्ट करा’ असा एक सोपा पर्याय सीमेक ३.४ पासून आहे, पण तो ग्लोबल डेटा व्हेरिएबलांचा प्रश्न पूर्ण सोडवत नाही. ते वापरणाऱ्याला ‘डीएलएलइम्पोर्ट’ लागतेच. आमचे मत विचाराल तर नव्या लायब्ररीने त्या वाटेला जाऊ नये. ‘नवे सार्वजनिक फंक्शन लिहिताना हे मॅक्रो लावा’ एवढी ओळ आणि एक नमुना पानावर द्यावा.

बांधलेली लायब्ररी चालताना सापडते कशी, हा भाग जवळजवळ सगळी पाने गाळतात. लिनक्सवर सीमेक बिल्ड फोल्डरमधल्या प्रोग्रॅममध्ये लायब्ररीचा मार्ग लिहून ठेवते, त्याला आरपाथ म्हणतात. इन्स्टॉल करताना तो मार्ग पुसला जातो. त्यामुळे टेस्ट सगळ्या उत्तीर्ण, आणि इन्स्टॉल केलेला प्रोग्रॅम मात्र ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ म्हणून थांबतो. यावर काय करायचे ते तुम्ही ठरवून लिहा: व्यवस्थेच्या नेहमीच्या फोल्डरात टाकून ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचे, की इन्स्टॉलसाठी वेगळा आरपाथ द्यायचा. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ चाचणीपुरता ठीक. कायमची सूचना म्हणून तो देऊ नये. विंडोजवर आरपाथ हा प्रकारच नाही. डीएलएल प्रोग्रॅमच्या फाइलशेजारी ठेवायची, हा सर्वांत कमी त्रासाचा नियम.

मॅकचे थोडक्यात सांगता येते. आधी, कंपायलर बसवण्यासाठी, ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’. होमब्रू (मॅकवर पॅकेज बसवणारे साधन) इंटेल मॅकवर ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असते, अ‍ॅपल सिलिकॉनवर ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये, म्हणून पानावर कोणताही एक मार्ग ठोकून देऊ नका. दोन्ही प्रोसेसरांवर चालणारी लायब्ररी हवी तर ‘सीमेक_ओएसएक्स_आर्किटेक्चर्स’मध्ये दोन्ही नावे द्यावी लागतात, आणि ज्यांवर आपण अवलंबून आहोत त्या लायब्ऱ्याही दोन्ही प्रकारच्या लागतात. होमब्रूच्या सहसा एकाच प्रकारच्या असतात.

लिनक्सबाबत एक इशारा ठळक लिहावा. नव्या उबुंटूवर बांधलेली फाइल जुन्यावर चालेल याची खात्री नसते. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. पहिल्यावर बांधलेली लायब्ररी दुसऱ्यावर नेली की ‘जीलिबसी_२.३४ सापडत नाही’ असा संदेश येतो. उलट दिशेने, जुन्यावर बांधून नव्यावर नेलेले सहसा चालते. म्हणून वाटपासाठीची फाइल, पाठिंबा द्यायच्या सर्वांत जुन्या व्यवस्थेवर बांधायची आणि ती कोणती हे नावासकट सांगायचे.

मराठी माणसाच्या संगणकावर काही अडचणी हमखास येतात, आणि परदेशी पानांवर त्यांची उत्तरे नसतात. विंडोजवर युजरचे नाव देवनागरीत असेल तर होम फोल्डरही देवनागरीत होतो, आणि जुन्या कोड पेजवर (अक्षरांच्या जुन्या संकेत-तक्त्यावर) चालणारी काही साधने तो मार्ग वाचूच शकत नाहीत. डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये, त्यात ‘अंतिम वर्ष प्रकल्प नवीन (२)’ असा फोल्डर, त्यात झिपमधून निघालेला दुहेरी फोल्डर: यात जागा सोडलेली नावेही आली आणि २६० अक्षरांची मर्यादाही जवळ आली. पानावर सरळ सांगा की सोर्स कोड ‘सी:\एसआरसी’सारख्या छोट्या, रोमन नावाच्या फोल्डरात ठेवा. दुसरे, कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ‘/यूटीएफ-८’ हा पर्याय द्यावा लागतो. बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची यूनिकोडची खूण) नसलेली फाइल तो एरवी संगणकाच्या कोड पेजप्रमाणे वाचतो. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचे असते. ते तुटून वाइड स्ट्रिंगमध्ये एका अक्षराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. लिनक्सवर तोच कोड मुकाट्याने चालत असतो.

तिसरी अडचण तर आपण स्वतः ओढवून घेतो. कमांड वर्डमध्ये लिहून पीडीएफ करण्याची आपल्याकडे सवय आहे. वर्ड दोन सलग हायफनची एक लांब रेघ करतो, सरळ अवतरणचिन्हे वळणदार करतो, आणि मराठी मजकुरात कधी आकडाही देवनागरी होऊन बसतो. पीडीएफमधून कॉपी केलेली अशी कमांड डोळ्याला बरोबर दिसते आणि टर्मिनल ती नाकारतो. सूचना साध्या टेक्स्ट किंवा मार्कडाउन फाइलीत, कोडच्या शेजारीच ठेवाव्यात. स्क्रीनशॉट देऊ नयेत. त्यातून कमांड कॉपी होत नाही. लांब कमांड दोन ओळींत मोडत असाल तर ध्यानात ठेवा की ओळ पुढे चालू असल्याची खूण बॅशमध्ये उलटी तिरकी रेघ, जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॅरेट आणि पॉवरशेलमध्ये बॅकटिक आहे. त्यापेक्षा एका कमांडची एकच ओळ ठेवावी, आणि विंडोजच्या भागात कोणता प्रॉम्प्ट उघडायचा ते सांगावे. निंजा वापरायचा तर व्हिज्युअल स्टुडिओचा ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’ प्रॉम्प्टच लागतो, नाहीतर कंपायलर सापडत नाही.

लायब्ररीच्या फंक्शनांची माहिती लिहिताना ‘लाँग’ हा प्रकार जपून. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर तो ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. फाइलचा आकार ‘लाँग’मध्ये परत करणारे फंक्शन विंडोजवर २ जीबीच्या पुढे चुकते. असे फंक्शन दस्तऐवजात समजावत बसण्यापेक्षा ‘इंट६४_टी’ वापरून सुधारलेले बरे.

राहिला तपासण्याचा प्रश्न. स्वतःच्या संगणकावर पुन्हा चालवून पाहणे ही तपासणी नव्हे. लिनक्ससाठी डॉकर या साधनातला उबुंटूचा मूळ कंटेनर (संगणकातच उघडणारी वेगळी, कोरी व्यवस्था) घ्यावा. त्यात कंपायलर नसतो, गिटही नसते, त्यामुळे पानावर राहून गेलेले प्रत्येक पॅकेज आपोआप उघडे पडते. विंडोजच्या प्रो आणि एज्युकेशन आवृत्त्यांत ‘विंडोज सँडबॉक्स’ मिळतो. तो बंद केला की सगळे पुसले जाते. होम आवृत्तीत तो नाही. गिटहबवर सार्वजनिक प्रकल्पांना तिन्ही प्लॅटफॉर्मचे नेहमीचे रनर (कमांड चालवून देणारे दूरचे संगणक) विनामूल्य मिळतात, तर पानावरच्याच कमांड तिथे प्रत्येक बदलानंतर चालवाव्यात. मात्र त्या रनरवर ढीगभर साधने आधीच बसवलेली असतात, त्यामुळे तिथे हिरवी खूण आली म्हणजे साधनांची यादी पूर्ण आहे असे होत नाही. शिवाय ‘उबुंटू-लेटेस्ट’ या नावामागचे व्हर्जन काळानुसार बदलते, ‘उबुंटू-२२.०४’ असे नेमके नाव द्यावे.

महाविद्यालयांना एक सुचवावेसे वाटते. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चालते का हे पाहण्याऐवजी, दुसऱ्या गटातल्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतल्या संगणकावर फक्त ते पान वाचून बिल्ड करून दाखवावे. लेखकाने शेजारी बसावे, पण बोलू नये. जिथे तो अडेल तिथला संदेश जसाच्या तसा, मूळ इंग्रजी शब्दांत, पानाच्या शेवटी ‘येणाऱ्या अडचणी’ या भागात उतरवावा आणि त्याखाली कारण व उपाय लिहावा. संदेशाचा मराठी सारांश देऊन भागत नाही, कारण अडलेला माणूस पडद्यावरची ओळ कॉपी करूनच शोध घेतो. सर्वांत खाली कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणता कंपायलर, कोणता कमिट (कोडची नोंदलेली नेमकी स्थिती) आणि कोणत्या तारखेला तपासले, ही नोंद ठेवावी आणि नव्याने तपासल्याशिवाय तिच्यातली तारीख बदलू नये.

आपले विश्वासू,
मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारे काही प्रोग्रॅमर, पुणे